जुन्या प्रदर्शनाच्या मैदानासमोर

बेलग्रेड, सावा नदीचा काठ
४ डिसेंबर २०१८

प्रिय रातोमिर,

खुशाल असशील. आम्हीही आहोत. नदीवर धुकं आहे, पाणी उतरलंय. पेर्सा मावशीच्या तराफ्यावरच्या खानावळीतून माशाच्या तळणाचा वास दुपारी सुटतो आणि तिची जीभ सकाळीच सुटते. थोडक्यात, सगळं जागच्या जागी आहे. तुझ्या मिलानाचा गुडघा कसा आहे? कानावर आलं होतं. माझ्या कानावर काय येत नाही!

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, नोटीस. सख्ख्या भावाकडून नऊ वर्षांनी आलेली पहिली ओळ अशी: "नौका देसांका ही फेरीदरम्यान जुन्या प्रदर्शनाच्या मैदानासमोर विनाकारण थांबते व प्रवाशांच्या आनंदात व्यत्यय आणते." खाली बंदर कार्यालयाचा शिक्का आणि तुझी सही. शाळेत होती तशीच, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली. बाबांनी स्वतःच्या हाताने बांधलेली बोट, आईचं नाव दिलेली, आणि तू तिला व्यत्यय म्हणतोस. वाचून मी हसलो. खोटं कशाला सांगू, आधी टेबलावर मूठ आपटली, मग हसलो.

पहिली गोष्ट म्हणजे बोट थांबत नाही. इंजिन थांबतं. मैदानाच्या वरच्या अंगाला जायचं, इंजिन बंद करायचं, टोपी काढायची आणि प्रवाह नेईल तसं मैदानावरून खाली यायचं. बाबांची रीत, चार मिनिटं. नदी काय तुमच्या कार्यालयाच्या परवानगीने वाहते? तिला थांबवून दाखवा.

दुसरी गोष्ट, माझ्या बोलण्याऐवजी फेरीभर लावा म्हणता ती रेकॉर्ड. नदीकाठी नवे मनोरे बांधणाऱ्या तुमच्या लोकांनी पाठवलेली मी ऐकली. बाई फार गोड बोलते, खोकल्याचं औषध विकत असल्यासारखी. किल्ल्याखाली म्हणते, "रम्य." दोन नद्यांच्या संगमावर म्हणते, "अतिरम्य." झेमूनचा मनोरा आला की परत "रम्य." आणि प्रदर्शनाच्या मैदानासमोर? तिथे ती म्हणते, "आता आपल्या उजव्या हाताला आधुनिक बेलग्रेड उमलताना दिसेल," आणि व्हायोलिन सुरू होतं.

व्हायोलिन, रातो!

मी सहावी शिकलेला माणूस. डेक घासत घासत जर्मन शिकलो, इंग्रजी शिकलो. लोक आपसात जे कुजबुजतात ते ऐकत शिकलो, म्हणून माझ्या तोंडी दोन्ही भाषांतल्या शिव्या आधी आल्या. इतिहासही तसाच. केल्ट आले, रोमन आले, तुर्क आले, ऑस्ट्रियाचे आले, आणि प्रत्येकाने इथल्या माणसाला एकच सांगितलं, "इथून हल." लोक म्हणतात हे शहर चव्वेचाळीस वेळा जमीनदोस्त झालं. मी प्रवाशांना सांगतो, पंचेचाळिसावी वेळ सध्या कागदपत्रांत आहे. हसतात. किल्ल्यावरचा तो नागडा विजयवीर दाखवतो. शहरातल्या सभ्य बायकांनी त्याला चौकात उभं राहू दिलं नाही, म्हणून तो गेली नव्वद वर्षं शहराकडे पार्श्वभाग करून उभा आहे. "बघा," म्हणतो, "काय दाखवायचं नाही हे या गावात वरचे लोक ठरवतात. आम्ही खालून सगळं बघतो." तेव्हाही हसतात. आणि इतकं हसलेली माणसं मैदानापाशी गप्प होतात. त्यांना कुणी गप्प करत नाही. मी एकच वाक्य बोलतो, बाबांचंच: "इथे छावणी होती." बास. परवा एक डच म्हातारी उतरताना माझा हात दोन्ही हातांत धरून उभी राहिली. व्यत्यय आलेला माणूस असा दिसतो काय रे?

बेचाळीसच्या हिवाळ्यात बाबा अकरा वर्षांचे होते. सावा गोठली होती. पलीकडे, त्या मैदानावरच्या जर्मनांच्या छावणीतल्या ज्यू बायका बर्फावरून प्रेतं ओढत अलीकडच्या काठाला आणत. इकडच्या काठावर लोक भाकरी घेऊन घरी जात होते. सगळ्यांना दिसत होतं. वसंतात त्या बायकाही नव्हत्या आणि त्यांची मुलंही नव्हती. बाबांनी हे आपल्याला आयुष्यात एकदाच सांगितलं, तुला आणि मला शेजारी बसवून. आणि तू लिहितोस "विनाकारण".

तेव्हा ऐक. मी तुमच्या हमीपत्रावर सही करणार नाही. रेकॉर्ड लावणार नाही. धक्का सोडणार नाही. एकोणीस तारखेला दुपारी बारा वाजता "निम्नस्वाक्षरीकार स्वतः उपस्थित राहून" सही, नाहीतर बोटीचा ताबा घेणार म्हणे. तारीख कुण्या कारकुनाने टाकली असेल. त्याच्या घरी त्या दिवशी काही नसेल. आपल्या घरी आहे. संत निकोलाचा सण, नाववाल्यांचा आणि आपल्या घराण्याचा. त्या दिवशी बोटीवर मेणबत्ती पेटलेली असेल, पाद्री येऊन गेलेले असतील, उपासाला चालणारी माशाची आमटी चुलीवर असेल आणि मी यजमान म्हणून दिवसभर उभा असेन. आमंत्रण देत नाही. आपल्यात त्या दिवसाचं आमंत्रण कुणी कुणाला देत नाही, ज्याला यायचं तो येतो, एवढं तुला त्या काचेच्या इमारतीत बसून आठवत असेलच. तू नऊ वर्षं आला नाहीस. तुझी मर्जी. त्या वर्षी रागाने निघून गेलास तो गेलासच.

मिलानाला नमस्कार. तुझ्या सहीच्या शेपटीलाही.

न हलणारा,
विदोये


१६ डिसेंबर

रातो,

माझं पत्र तू परत पाठवलंस. समासात पेन्सिलीने एक ओळ: "दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात इंजिन कोण बंद करत होतं?"

आठ दिवस मी तो कागद खिशात घालून हिंडतोय. पहिल्या दिवशी फाडणार होतो. दुसऱ्या दिवशी उत्तर लिहायला बसलो, दोन पानं शिव्या झाल्या, सगळ्या अस्सल होत्या, काही जर्मन. तिसऱ्या दिवशी पेर्सा मावशीला दाखवला. तिला वाटलं मी कौतुक ऐकायला आलोय. चष्मा लावला, वाचलं, आणि मासे साफ करायची सुरी खाली ठेवली.

"मग? कोण करत होतं?"

"मावशी, ते महत्त्वाचं नाही."

"मेल्या, त्याने एकच ओळ लिहिलीय. महत्त्वाचं नसतं तर दुसरं काही लिहिलं असतं. आणि तो गेला त्या सणाला मी तिथेच बसले होते. माझ्या हातात आधीच एक वाटी होती, तरी तू दुसरी आणून कोंबलीस. मी काय बहिरी होते? नऊ वर्षं तू सगळ्या नदीला सांगत सुटलास की धाकटा रागाने गेला. मी गप्प बसले, कारण धक्का तुझा आणि त्याला बांधलेला तराफा माझा. पण आता म्हातारी झाले. आता गप्प बसायचा कंटाळा येतो."

तर लिहितो. माझ्यासारख्या बोलघेवड्याला लिहायला इतका वेळ लागू नये, पण लागतोय.

त्या उन्हाळ्यात बाबा अंथरुणावर होते आणि बोट पहिल्यांदा एकट्या माझ्या हातात आली. जूनमध्ये एक लग्नाची वरात घेतली. तुताऱ्या, ढोल, नवरीच्या बापाने शर्ट काढलेला. मैदान जवळ आलं तसा माझा हात इंजिनच्या दांड्यावर गेला. तो म्हणाला, "कप्तान, आज वाजवणं थांबवायचं नाही हं, पोरीच्या नशिबाला लागेल." मी हात काढून घेतला. वाटलं, एकदाच. पुढच्या फेरीला तर कुणी काही बोललंसुद्धा नव्हतं, आणि तरी मी तसाच पुढे गेलो. मग मला ते सोपं वाटायला लागलं. लोक खूश, वेळ वाचतो, कुणाचं तोंड पडत नाही. त्या उन्हाळ्यात मी एकदाही इंजिन बंद केलं नाही. संध्याकाळी घरी गेलो की बाबा विचारायचे, "बंद करतोस ना?" मी म्हणायचो, "करतो." ते डोळे मिटायचे. ऑगस्टपर्यंत मला ते "करतो" म्हणताना काही वाटेनासं झालं होतं.

ऑगस्टमध्ये तू कार्यालयाचे पाहुणे घेऊन बोटीवर आलास. मैदान गेलं. तू कठड्याला टेकून माझ्याकडे बघत राहिलास. मी लाउडस्पीकरवर पुढच्या पुलाची उंची सांगत होतो.

ऑक्टोबरात बाबा गेले. डिसेंबरात त्यांच्यावाचूनचा पहिला सण, पहिल्यांदा यजमान मी. बोट माणसांनी भरलेली. तू दारात आलास. आलेल्या माणसापुढे आधी गोड गव्हाची वाटी धरायची, मग बाकी सगळं. माझ्या हातात ताट होतंच. तू हळूच म्हणालास, "विदो, गहू घेतो, पण आधी सांग. बाबांना शेवटी खरं सांगितलंस का?"

तू हळूच बोललास. हेही नऊ वर्षं मी बदलून सांगतोय. मी सांगत आलो की तू चारचौघांत ओरडलास.

चारचौघांत मी बोललो. ताट तुझ्यासमोरून फिरवलं आणि म्हणालो, "जागा नाही."

सणाच्या दिवशी. यजमानाने. वैरी आला तरी त्या दिवशी दारातून परतवत नाहीत, आणि मी सख्ख्या भावाला म्हणालो, जागा नाही. पेर्सा मावशीच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तू ती बघितलीस, टोपी घातलीस आणि गेलास. मग मी ती वाटी नेऊन मावशीच्या हातात दिली, कारण मला ती कुठे ठेवावी ते कळेना.

त्या आठवड्यापासून एकाही फेरीत इंजिन बंद करायचं चुकवलेलं नाही. पाऊस असो, लग्न असो, मंत्री असो. एकदा एका नवरदेवाने माझी कॉलर धरली, तरी नाही. लोकांना वाटतं विदोये तत्त्वाचा माणूस. तुला एकट्याला ठाऊक आहे की हे तत्त्व मी आधी विकून खाल्लं होतं आणि मग लाज वाटून परत आणलं. पण परत आणलेलं तत्त्वही माझंच आहे, रातो, आणि या वेळी ते ना वरातीला देणार ना तुमच्या व्हायोलिनला. मी तेव्हा खोटा होतो, एवढ्यावरून तुझी नोटीस खरी होत नाही. हे तुला पटत नसेल तर तोंडावर येऊन सांग.

आता तारखेचं. मी लिहिलं होतं, कुण्या कारकुनाने टाकली असेल. मावशी ते वाचून इतकी हसली की तिला खोकला लागला. "अरे मूर्खा," म्हणाली, "नदीवरच्या माणसाच्या पोराला एकोणीस डिसेंबर कळत नाही? ज्याला दारातून 'जागा नाही' म्हणून घालवलं तो आपण होऊन कसा येईल? आणि बोलवायची तर आपल्यात रीत नाही. मग बिचाऱ्याने काय करावं? सरकारी काम काढलं!"

मी म्हटलं, "मावशी, तो बोट घ्यायला येतोय."

"बोट घ्यायला कारकून पाठवतात. स्वतः येतोय, बारा वाजता, आमटी वाढायच्या वेळेला. नोटीस कधी वाचलीस का डोळे उघडून?"

वाचली. पुन्हा वाचली. मला अजून खात्री नाही. तू खरंच हुकूम बजावायला येत असशील, दोन माणसं आणि साखळी घेऊन. तसं असेल तर तसं. मावशीने शेजारच्या अकरा तराफ्यांना सांगून ठेवलंय. सण आहे, लोक येणारच, आणि इतकी माणसं जेवत असताना बोट ओढून न्यायला तुम्हाला जहाज लागेल. हे धमकी म्हणून लिहीत नाही. बरं, थोडं धमकी म्हणून लिहितो.

पण कसाही आलास तरी दारात आधी माझ्या हातातलं ताट असेल. गहू, वरती अक्रोड. ते घे. मग कागद काढ. सगळ्यांसमोर विचार, सही करतोस का. सगळ्यांसमोर मी नाही म्हणेन. आणि सगळ्यांसमोर, जागा नाही असं मी तुला म्हणालो होतो, हेही सांगेन. ते उभ्यानेच सांगायचंय, बसायची मुभा त्या दिवशी मला नाही.

नंतर दोर सोडू. पाहुण्यांना घेऊन पुलांखालून मैदानाच्या वरपर्यंत जाऊ. तुझ्या अहवालात लिहायला तुला वेळ, जागा, साक्षीदार सगळं मिळेल. लिही: नौका देसांकाचं इंजिन जुन्या प्रदर्शनाच्या मैदानासमोर जाणूनबुजून बंद करण्यात आलं. कुणी केलं, त्या नावाची जागा मात्र तिथे पोचेपर्यंत कोरी ठेव. दांडा तुझ्या हाताला आठवत असेल.

सही न करणारा, आणि दारात उभा असलेला,
तुझा थोरला
विदोये