रक्तवाहिनीतलं हाड

दाभोळ

तीर्थरूप रामाभावोजींना,

धाकट्या मेव्हण्याचा, गंगारामचा नमस्कार. तुमची कंबर आणि ताईचा खोकला आपापल्या जागी असतील असं धरून चालतो. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं आमची ही, सावित्री, चुलीपाशी बसून ऐकते.

जेटीवरून मासळीची पाटी घेऊन चढ चढताना छातीत कळ आली, म्हणून रत्नागिरीला गेलो. नम्रता डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दाखवला. त्यात पांढऱ्या रेघा. मी म्हटलं, हाडं मजबूत दिसतायत (जन्मभर काट्यासकट मांदेली खाल्लीय). बाई म्हणाल्या, "काका, या हृदयाच्या रक्तवाहिन्या आहेत. त्यांच्यात कॅल्शियम साचलंय."

पुढचं ऐकायला न थांबता मी घरी येऊन बंदोबस्त केला. मांदेली बंद, पानातला चुना बंद (तंबाखू चालू ठेवली, तिच्यात कॅल्शियम कुठलं), आणि सावित्रीच्या गुडघ्यांच्या गोळ्या खाडीत. ती बिचारी घरभर गोळ्या शोधत होती, म्हणून मीही तिच्याबरोबर शोधल्या. पुढच्या खेपेला हे ऐकून बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "खाल्लेल्या चुन्यानं हे होत नाही. तंबाखूनं नळीच्या आतलं अस्तर दुखावतं, तिथे चरबी शिरते, सूज येते ती वर्षानुवर्षं उतरत नाही. सुजेत पेशी मरतात, त्यांच्यावर रक्तातलं कॅल्शियम कणाकणानं बसतं. भिंतीतल्या जिवंत पेशीसुद्धा मग हाड घडवायला लागतात. कणाला कण जुळून पत्रा होतो. काकूंना नव्या गोळ्या घेऊन द्या."

मग अडलेली नळी रुंद करायला तिच्यात फुगा घालून बघितला. मी जागाच होतो. "फुगत नाहीये," कोणीतरी म्हणालं. यंत्रावर माझेच ठोके ऐकू येत होते. वाटलं, हे थांबले तर सगळ्यांत आधी मलाच कळेल.

ताईला यातलं काही सांगू नका.

तुमचा,
गंगाराम

ता. क. अमावास्या झाली की छाती उघडून ऑपरेशन आहे. सावित्रीला पोटातल्या गॅसची तपासणी आहे असं सांगितलंय. मी आत असेन तेव्हा तिच्याजवळ बसायला या. पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला तिच्याकडेच देतोय; दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला सवय नाही.

ता. क. भावोजी, मी सावित्री. ऑपरेशन होणार नाही. नवी नळी शिवायला मऊ जागा लागते, ती कुठेच उरली नाही असं बाईंनी मला सांगितलं. अमावास्येनंतर ऑपरेशन आहे असं मीच बाईंना ह्यांना सांगायला लावलं. अमावास्येपर्यंत थांबू नका, पत्र मिळताच या. तुमच्याशी बोलताना ते हसतात.