निकेलवरची फुंकर

८ डिसेंबर
लागली बाई नोकरी! कलबुर्गीच्या प्रयोगशाळेत आज रुजू झाले. आमच्या मंठाळ गावात काम समजावून सांगायचं म्हणजे पंचाईतच. निकेलचा थर करायचा, इतका पातळ की अणूंचे पाचसहा पदरच. तो हवा काढलेल्या पोलादी डब्यात ठेवून त्याचं चुंबकत्व मोजायचं. वायूचे कण थराला चिकटले, की आडवं चुंबकत्व उभं राहतंय म्हणे. प्रमुख प्रभुलिंग सर कडक हायत, पण चहा स्वतः करून पाजतात.

११ डिसेंबर
माझा पहिला नमुना डब्यात गेला. खरं सांगू? झाकण लावायच्या आधी हळूच त्याच्यावर फुंकर मारली. लेकरू घराबाहेर निघालं की आई दुवा पुटपुटून फुंकते, तशी. दर्ग्यात शिकलेली ती. सरांना कळलं तर माझी खैर न्हाई.

१४ डिसेंबर
स्क्रीनवरची रेघ वर-खाली व्हायलीय. चुंबकत्व उभं, आडवं, परत उभं. डब्याला गळती कुठंच न्हाई. सर म्हणाले, थराला काहीतरी चिकटलंय. फुंकरीचं सांगायची लाज वाटली.

१६ डिसेंबर
जिना पळत चढले, धाप लागली. रेघही भरभर पळायली. पाणी पिऊन बसले तर ती मंदावली. मग नाक दाबून दम रोखला.
रेघ थांबली. आई गं.

१७ डिसेंबर
सरांना सगळं सांगितलं, फुंकरीचंसुद्धा. रागावले न्हाईत, हसले. थर तीनशे अंशाला तापवू, चिकटलेला वायू सुटून पंपात जाईल, विषय संपला म्हणाले. साठपर्यंत तापवून दाखवलं. मी घेरी येऊन खुर्चीवरून खाली पडले. सर म्हणाले, उपाशी असशील.

१९ डिसेंबर, वेळ अमावस्या
सणाचं सगळं गाव शेतात जेवायला गेलंय. गावाकडं निघायच्या आधी रेघ बघावी म्हणून आले. स्क्रीनवर तापमान नव्वद. सुट्टीत काम उरकावं म्हणून सर काल तापवायचा टायमर लावून गेलेत. ते आळंदला, त्यांच्या शेतात. फोन लागंना. आतल्या खोलीला कुलूप, मेन स्विचही आतच.

एकशे वीस. कुलपावर दगड घातला. हातात जोर न्हाई—

दोनशे. रेघ बारीक व्हायलीय. मला मरायचं न्हाई.

आईला लागला फोन. मागं बायकांचा गलबला. "बोल की माझी बाय, कामून गप हैस? जेवलीस का?"

तोंड उघडलंय. आवाज— आई, मी—