खांबावरची उंची

आई, आपल्या दारातला दिव्याचा खांब काढून नेला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी, सकाळी. पंचमीला शिराळ्यात कुणी जमिनीत पहार घालू देणार नाही हे ठेकेदाराच्या माणसांना कळलं असावं, म्हणून त्यांची घाई चालली होती. मी सांगलीहून पहिल्या एसटीने आले होते, दरवर्षी येते तशी. कुलूप काढायचं, जळमटं झाडायची, दिंडांसाठी डाळ निवडून ठेवायची आणि तू लावून दिलेला भावाचा उपवास धरायचा. पन्नाशी उलटली, साखर वाढली, डॉक्टरीणबाई डोळे वटारतात, तरी धरते. भाऊ जाऊन जन्म लोटला आणि बहीण त्याच्या आयुष्यासाठी उपाशी राहते, हे बाहेर कुणाला सांगायचीही सोय नाही. तुझ्यावर चिडत चिडत का होईना, तो उपवास मी कधी मोडला नाही.

तुला आठवतो तसा तो खांब राहिलाच नव्हता. माझ्या लहानपणी तो काळाकुळकुळीत होता, खाली जाड, वर निमुळता, आणि शेंड्याला वाकवलेल्या नळीचा हात. हाताच्या टोकाला पांढऱ्या मुलाम्याची टोपी, तिच्यात साधा बल्ब. दिवेलागणीला तो लागला की तू भाकरीचं पीठ मळायला घ्यायचीस. मग तो हात गेला आणि ट्यूबलाइटची पेटी आली, तिच्यात मेलेल्या किड्यांचा थर साचायचा. मग पिवळा दिवा आला, त्याच्या उजेडात तुझं हिरवं लुगडं काळं दिसायचं. जुना हात उतरवला तरी त्याची पट्टी खांबाला तशीच राहायची, त्यामुळे वर नुसत्या गंजक्या पट्ट्या झाल्या होत्या. प्रत्येक नवा हात रस्त्याकडे तोंड करून बसवला की तू वायरमनला चहा पाजून तो आपल्या दाराकडे वळवून घ्यायचीस. तो म्हणायचा, "आवं मावशी, रस्त्याला उजेड नगं का?" तू म्हणायचीस, "रस्ता त्याला ठावं हाय. दार दिसाया पायजे." त्याला वाटायचं, पलटणीतून सुट्टीवर येणाऱ्या आबांबद्दल बोलतेस. कुणाबद्दल बोलतेस ते मला ठाऊक होतं.

उंची मोजायची खोड तुझीच. पंचमीच्या सकाळी मला आणि भावाला खांबाला पाठ लावून उभं करायचीस, डोक्यावर उलथनं आडवं धरायचीस आणि करवतीच्या पात्याच्या तुकड्याने लोखंडावर रेघ ओढायचीस. माझी डाव्या अंगाला, त्याची उजव्या. तो लबाड टाचा उचलायचा आणि तू त्याच्या पोटरीवर चापट मारायचीस. तापाने तो गेला तेव्हा त्याचं सातवं वर्षही सरलं नव्हतं. पुढच्या पंचमीला तू शेजारच्या काकूंच्या मुलाला, त्याच्याच वयाचा म्हणून, तिथे उभं केलंस. काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या. "वैनी, पाया पडते, माझ्या लेकराला त्या खांबाला लावू नगा." काकू मुलाला ओढत घेऊन गेल्या. आता तू उलथनं खाली ठेवशील म्हणून मी बघत राहिले. तू ते हवेतच आडवं धरलंस, जरा मागेपुढे करून नीट बसवलंस आणि म्हणालीस, "टाचा टेक. सरळ उभा ऱ्हा." मग रेघ ओढलीस. श्रावणातलं लख्ख ऊन पडलं होतं, पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, आणि मी तुझ्या मागून घरात न येता तिथेच रस्त्यात उभी राहिले.

दरवर्षी रेघ वर चढत गेली. मी लग्न होऊन सांगलीला आले, आणि एका पंचमीला पुरण वाटता वाटता तू म्हणालीस, "आता वाढायचा थांबला गं. आबापरीस दोन बोटं उंच झाला." मला संताप आला. सोड त्याला आता, असं मी ओरडले. तू वर न बघता म्हणालीस, "म्या धरलाय व्हय? त्योच उभा हाय." तोवर रस्त्यावर कितीदा तरी भराव घालून डांबर पडलं होतं. थर चढेल तसा खांब बुटका होत होता, आणि त्याच्या हयातीतल्या खऱ्या रेघा एकेक करून खाली जात होत्या. त्यातली शेवटची डांबरात गेली त्या दिवशी तू पायरीवरून उठली नाहीस, जेवलीही नाहीस. जाताना मात्र शांत होतीस. मिरजेच्या दवाखान्यात माझा हात हातात घेऊन म्हणालीस, "रडू नगंस. त्याच्याकडंच चाललेय की." तेवढ्या एका वाक्यावर मी तुझ्यामागची वर्षं काढली. तुम्ही दोघं एकत्र आहात, मग माझं काही का होईना, असं मनाला समजावत आले.

तू गेल्यावर खांबाला चंदेरी रंग दिला आणि एलईडीचा पांढरा दिवा बसवला, आखूड, सरळ हाताचा. वायरमनही आता नवा आहे, तरणा. गेल्या पंचमीला मला दारात बघून तो शिडीवरूनच म्हणाला, "आक्का, ह्यो हात तुमी फिरवताय व्हय? आवळून आवळून दमलो. रस्त्याकडं केला की चार दिसांत पुन्यांदा तुमच्या दाराकडं." घर तर वर्षभर बंद असतं, मी म्हणाले. "मग वारं आसंल," असं म्हणून तो खाली उतरला, पण जाताना देवाला करतात तसा खांबाला हात लावून गेला. मी ते हसण्यावारी नेलं.

परवा क्रेनने खांब उपटून दारासमोर आडवा केला. जमिनीत गेलेला भाग अजून काळा होता, आणि जिथे जिथे डांबराचा थर टेकला होता तिथे त्याची गोल कडी चिकटून राहिली होती. तिथेच आमच्या रेघा होत्या. माझ्या डावीकडे, त्याच्या उजवीकडे. त्याच्या शेवटच्या खऱ्या रेघेवरून मी बोट फिरवलं आणि भर रस्त्यात उकिडवी बसून रडले. मग बोट वर सरकवत नेलं, तू हवेतून मोजलेल्या रेघा ओलांडत, आबांपेक्षा दोन बोटं उंच, तिथपर्यंत. तिथे त्या संपायला हव्या होत्या. त्याच्या वर आणखी दोन होत्या. चंदेरी रंग खरवडून ओढलेल्या. म्हणजे तुझ्या माघारी. वरच्या रेघेतलं लोखंड अजून चकाकत होतं.

आधी मला वाटलं, हा अजून वाढतोय. मग त्या डांबराच्या कड्यांकडे लक्ष गेलं. तुझ्या माघारी रस्ता दोनदा झालाय. मी पदर सोडला, तुझ्या वेळच्या रस्त्याच्या कडीपासून तुझ्या शेवटच्या रेघेपर्यंत ताणून धरला आणि तिथे गाठ मारली. मग तो पुढच्या कडीवर धरला. गाठ पुढच्या रेघेवर आली. त्याच्या पुढच्या कडीवर धरला, तरी तेच. आई, त्याची उंची तेवढीच होती. रस्ता चढत गेला, आणि दर वेळी नव्या डांबरावर तेवढ्याच उंचीचं कुणीतरी खांबाला पाठ लावून उभं राहिलं.

"ताई, सरका, पट्टा घालायचाय," क्रेनवाला म्हणाला. "पोरांची उंची मोजत हुता व्हय?" एव्हाना शेजारच्या काकूही काठी टेकत येऊन उभ्या होत्या. त्यांचा मुलगा पुण्याला असतो आणि तो माझ्या खांद्यालाही लागत नाही. काकूंनी त्या दोन रेघांकडे पाहिलं. "म्या न्हाई गं बाय केल्या. माझा हात तितवर पोचतोय कुटं?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "दिवं लागायच्या वक्ताला म्या हिकडली खिडकी लावूनच घेते. वैनी व्हत्या तवापास्नं." क्रेनने खांब उचलून ट्रकमध्ये टाकला.

त्या दिवशी पाण्याचा घोटही गेला नाही, ते उपवासामुळे नव्हे. तो तुझ्याकडे असता तर इथे उभा राहिला नसता. तू ज्याच्याकडे म्हणून हसत गेलीस, तो तुला भेटलाच नाही. तू तिकडे एकटी त्याला शोधत असशील आणि तो इथे, मी वर्षातून एकदा उघडते त्या कुलपाकडे बघत. हे तुला मी कोणत्या तोंडाने कळवू? हे लिहून झालं की सांगलीच्या घाटावर कृष्णेत सोडायचं मनात होतं. आता नाही सोडणार. पोचलं तर काय, ही भीती वाटते.

नवा खांब दुपारीच उभा केला. जस्ताचा, गुळगुळीत, कंबरेएवढ्या सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी आवळलेला. त्याला पाठ लावून कुणाला उभं राहता येणार नाही. पंचमीच्या संध्याकाळी निघायच्या वेळी त्यावरचा दिवा लागला, सगळा उजेड रस्त्यावर, आणि आपली पायरी अंधारात गेली. भावाला काय सांगायचं ते मी दिवसभर मनात घोळवून ठेवलं होतं. आई तुझी वाट बघतेय रे, आता तिच्याकडे जा. एवढंच. पायरीवर उभी राहिले, तोंड उघडलं, आणि त्याला माझा सांगलीचा पत्ता सांगितला. स्टँडवरून कुठली रिक्षा धरायची, जिना कुठल्या अंगाला आहे, बेल बंद आहे म्हणून दार वाजव, सगळं सांगितलं. तुझं नाव काढलंच नाही.