फिल्टरमधली वाळू

कुंभकोणम्,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. हरिकृष्णअण्णास,

शिवरंजनीचा नमस्कार. मी बरी आहे. पाऊस रोज पडतो. वहिनी आणि मुलं सुखरूप असतील. पत्र मुद्दाम हाताने, मराठीत लिहिते आहे. अप्पांनी बाळबोध आपल्या दोघांनाच शिकवलं, तेव्हा तुझ्या घरात हे दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही.

डिसेंबरात मुलं पोहतील म्हणून परसातला हौद क्लोरीनवर आणायला तू सांगितलं होतंस. ते काम झालं.

सोपं नव्हतं. क्लोरीनने अप्पांचं अंग लाल व्हायचं, म्हणून तू मेलबर्नहून ते दुसरं औषध पाठवायचास. त्या औषधाचं आणि क्लोरीनचं पटत नाही. आधीचं पाण्यातून पुरतं उतरेपर्यंत थांबावं लागतं, हे तू कळवलं नाहीस. मला सूर्याने सांगितलं. हा सूर्या स्वामीमलैकडचा, हौदांचे पंप दुरुस्त करतो. तीन आठवडे थांबूनही पहिल्यांदा क्लोरीनची पावडर कालवून ओतली तेव्हा पाणी हिरवट झालं, मग काढ्यासारखं तपकिरी. दुसऱ्या दिवशी वर पांढरी साय. पंप चार दिवस चालू ठेवला. फिल्टरवरचा दाबाचा काटा सारखा चढायचा, उलटं पाणी सोडून फिल्टर धुतला तरी तासाभरात पुन्हा तिथेच.

सूर्या म्हणाला, धुऊन उपयोग नाही, वाळूच काढायला हवी. त्याने टाकी उघडली. आतली वाळू वाळू राहिली नव्हती. बुळबुळीत गठ्ठे झाले होते, खुरप्याने फोडून काढावे लागले. हात धुताना त्याने सहज विचारलं, किती दिवस धुतला नव्हता? मी म्हटलं, महिनाभर.

त्यालाही मी खोटंच सांगितलं.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा घर भरलेलं होतं. अप्पांनी फोनचा आवाज मोठा केला होता, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. तू म्हणालास, "शिवाला दिवसभर दुसरं काम काय? फिल्टर धुवायला आठवड्यातून एकदा एक दांडा फिरवायचा." सगळे हसले. मामासुद्धा. शाळेत पाच तास घेऊन, अप्पांचं पथ्याचं करून, त्यांना हाताला धरून पाण्यात उतरवणारी बाई तुला कधी दिसली नाही. काटा तेवढा दिसायचा. दर रविवारी तुला काट्याचा फोटो हवा असायचा.

त्या रविवारपासून मी दांडा फिरवला नाही. काट्याचा एक जुना फोटो होता, तोच दर आठवड्याला पाठवत राहिले. तू दर आठवड्याला अंगठा पाठवलास. तीन महिने, अण्णा. फोटोतल्या भिंतीवर तेच ऊन, तीच पाल. तू एकदाही नीट पाहिलं नाहीस. मला वाटायचं, तू एकदा विचारावंस. मग मी भांडले असते, आणि दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन काढलं असतं.

फेब्रुवारीत पाणी दुधाळ झालं. पायऱ्या दिसेनाशा झाल्या.

त्या दिवशी मी दहावीच्या वह्या तपासत बसले होते. अप्पा पंचा गुंडाळून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आज उतरूं का गे? पाणी बरं दिसत नाहीं."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "रोज उतरता. आज काय विचारता?"

ते एकटेच गेले. नेहमी मी बरोबर जायची, त्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय सरकला.

ते न्हाणीघरात पडले नाहीत.

मी धावत गेले तेव्हा ते कठड्याला धरून होते. पाण्यात माणूस हलका असतो. मी त्यांना ओढून काठावर घेतलं. त्यांचे ओठ निळे पडले होते. आणि मी काय केलं, तर त्यांचा ओला पंचा सोडवून कोरडं धोतर गुंडाळलं, तसंच ओढत न्हाणीघराच्या उंबऱ्याशी आणलं, आणि मग शेजारच्या श्रीविद्येला हाक मारली. मोडलेल्या खुब्यानिशी ओढलं. ते ओरडले नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडण्याआधी अप्पाच म्हणाले, न्हाणीघरात घसरलों. बावीस दिवस ते अंथरुणावर होते. गोविंदपुरम्‌हून त्यांच्या भजनाचे सोबती येत, त्यांनाही तेच सांगत. आम्ही दोघंच खोलीत असलो तरी त्यांनी तो विषय काढला नाही. एकदा तरी काढायला हवा होता.

तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालास, "मी एवढा हौद बांधून दिला, तुला एक न्हाणीघर कोरडं ठेवता आलं नाही." मी गप्प राहिले. लोकांना वाटलं, किती सोसते. तू बोललास त्याहून माझा दोष मोठा होता, म्हणून मी गप्प होते.

तुझा वाटा किती, हे मी सांगणार नाही. मोजायचा तर तू मोज. क्षमाही मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि मग जन्मभर दिल्याची आठवण करून देशील.

नवी वाळू भरली आहे. काट्याची आताची खूण टाकीवर खडूने केली आहे. काटा तिच्यापुढे दोन घरं गेला की दांडा फिरवून फिल्टर उलटा धुवायचा, वरच्या काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. क्लोरीन आधी बादलीतल्या पाण्यात घालायचं, पावडरीवर पाणी कधी ओतायचं नाही. तपासणीच्या पट्ट्या स्वयंपाकघरातल्या फडताळात आहेत.

मुलांना उतरवण्याआधी दर वेळी पाणी तू स्वतः बघ. पायरीवर हात फिरवून बघ. मी ठीक आहे म्हटलं तरी माझ्या शब्दावर त्यांना पाण्यात सोडू नकोस.

अप्पांची,
शिवरंजनी