क्षेमाची ओळ

मौजे बोरगव्हाण, ता. जाफराबाद, जि. जालना
दि. ६ जानेवारी २०२५

चि. बेबीनंदा हिस, साहेबराव येसू म्हस्के याचे अनेक उत्तम आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

येथे सर्व क्षेम आहे. तुझे क्षेम कळवावे.

तुझ्या अभिवचन रजेचा, ज्यास प्रीती पॅरोल म्हणते, अर्ज तिच्या वकीलसाहेबांनी तयार केला असून त्यास गावकऱ्यांचे निवेदन जोडावयाचे आहे. निवेदनाचा मसुदा मी स्वहस्ते केला. त्यात लिहिले की, गायरान जमिनीच्या मोर्चात सरकारी जीप जळाली तेव्हा बेबीनंदा कचेरीच्या पायरीवर उभी राहून मागण्या वाचत होती, हे हजार माणसांनी पाहिले. तरीही तिला सात वर्षांची शिक्षा झाली. ती चार वर्षांपासून कैदेत असून आजवर तिला एका दिवसाचीही रजा मिळाली नाही. आता तिची आई आजारी आहे, सबब तीस दिवस घरी पाठवावे. प्रीतीने दोन ठिकाणी सोपे शब्द सुचविले. मी नकार दिला. तुझी लेक जालन्यात वकिलाच्या हाताखाली काम करते, म्हणून मराठी माझ्याहून अधिक जाणते असे नाही.

दोनशे बारा सह्या झाल्या. ज्यांनी गायरानावरून तुझ्याशी पंधरा वर्षे वैर धरले, ते अप्पाराव पाटील स्वतः चालत आले व सही करून गेले. चहा घेतला नाही.

तुझ्या आईच्या पोटात किंचित दुखते. जालन्याच्या दवाखान्यात दाखविले आहे. त्यामुळे ती या महिन्यात मुलाखतीस येणार नाही. मी येणार नाही हे तुला ठाऊकच आहे. जाळीपलीकडे उभ्या केलेल्या लेकीशी मी बोलणार नाही. तू ज्या दिवशी दरवाजातून बाहेर येशील, त्या दिवशी मी दरवाजापाशी असेन.

वडिलांवरील माया कमी होऊ देऊ नये.

तुझा पिता,
साहेबराव येसू म्हस्के


मध्यवर्ती कारागृह, महिला विभाग
दि. १९ जानेवारी २०२५

ती. आबांना बेबीनंदाचा मानाचा जयभीम.

तुमचं पत्र बारा दिवसांनी मिळालं. वरच्या ओळीत सगळं क्षेम, अन् तळाशी माय दवाखान्यात! आबा, घराला आग लागली तरी तुम्ही आधी क्षेम लिहाल अन् मंग पाण्याची बादली मागाल. मायला किंचित काही होत नसतं. डोक्यावर मोळी घेऊन आली अन् हातपाय न धुता भाकरी थापायला बसली, अशी बाई ती. ती दवाखान्यात गेली म्हणजे काहीतरी आहे. खरं काय ते लिहा.

दुसरं असं की, पत्रं तपासणाऱ्या मॅडम तुमच्या अक्षराचं कौतुक करतात, छापल्यावानी आहे म्हणतात. पण मागच्या महिन्यापासून तुमच्या प्रत्येक पत्राची झेरॉक्स काढून ऑफिसात वेगळ्या फाइलीत लावून राह्यले. कशासाठी विचारलं तर कोणी सांगत न्हाई. कौतुकासाठी कोणी झेरॉक्स काढत नसतं, आबा. मला ते बराबर वाटत न्हाई.

इथं माझ्या वर्गात आता अकरा बाया आहेत. सगळ्यांत म्हातारी आहे ती काल पयल्यांदा स्वतःचं नाव लिहून दिवसभर तो कागद दाखवत फिरली. मायला सांगा, तिलाही शिकवीन. ती पळून जाईल म्हणा.

लोभ आहेच. रागवायचं असेल तर पत्रातूनच रागवा, मला तेही वाचायला मिळेल.

तुमची,
बेबी


बोरगव्हाण
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. बेबीनंदा हिस अ. उ. आ. वि. वि.

येथे सर्व क्षेम आहे. तुझे क्षेम कळवावे.

माझी पत्रे कार्यालयात स्वतंत्र जपून ठेवली जातात, हे वाचून समाधान वाटले. तू उगाच संशय घेतेस. चौथीत गुरुजींनी पत्रलेखनास मला दहांपैकी दहा गुण दिले आणि माझी वही हातात धरून साऱ्या वर्गात फिरविली. आमच्या वस्तीतल्या मुलाची वही! त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. क्षेमाची ओळ त्यांनीच शिकविली. घरातले दुःख पहिल्याच ओळीत मांडणे म्हणजे पाहुण्यासमोर उंबरठ्यातच रडणे होय. त्यातून तुझी पत्रे परकी माणसे उघडतात. म्हस्क्यांचे घर खचले, असे त्यांस दिसू नये.

ठाण्यातून एक जमादार चौकशीस आला होता. तुझी आई उठली, धुतलेले लुगडे नेसली व तिने स्वतः चहा करून त्यास दिला. त्याने दवाखान्याच्या कागदांना हात लावला नाही. सह्यांच्या पानांचे मात्र मोबाइलवर फोटो घेतले. तेव्हापासून रोज दोघातिघांस ठाण्यात बोलावणे येते. सोनूबाईचा मुलगा एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात आहे. त्यास ठेकेदाराने कामावर येऊ नको म्हणून सांगितले. ती रडत आली व माझा अंगठा काढा म्हणाली. मी पट्टी लावून तिचे नाव खोडले. वेडीवाकडी रेघ मारली नाही. आजअखेर एक्केचाळीस नावे खोडली.

अप्पाराव पाटलांसही बोलाविले. ते जमादारास म्हणाले की, बेबी भांडखोर हाय, तिनं मला कोर्टात लई पळवलं, पण तिची माय मरून राह्यली अन् तुमी सह्या काय मोजून राह्यले. ही त्यांची भाषा आहे. मरणाचा शब्द त्यांनी रागाच्या भरात वापरला. तो तू मनास लावून घेऊ नये.

तुझ्या आईचा आहार थोडा कमी आहे. इतकेच.

आठवण धरून असावे.

तुझा पिता,
साहेबराव येसू म्हस्के


जालना
दि. १ मार्च २०२५

प्रिय आजोबा, प्रीतीचा जयभीम.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्ही कागदावरचंच खरं मानता, म्हणून लिहिते.

मम्मीचा अर्ज नामंजूर झाला. आदेशातला मजकूर जसाच्या तसा उतरवते: "बंदिनीच्या वडिलांनी दि. ६ जानेवारी व दि. ३ फेब्रुवारी रोजीच्या स्वहस्ताक्षरातील पत्रांत घरी सर्व क्षेम असल्याचे नमूद केले आहे. चौकशीच्या वेळी आई स्वतः चहा करीत असल्याचे आढळले. सबब आजाराचे कारण विश्वासार्ह नाही." दवाखान्याचे कागद सोबत जोडले होते. त्यांचा आदेशात उल्लेखसुद्धा नाही.

आजोबा, १८ जानेवारीला डॉक्टरांनी आजीच्या यकृतातली गाठ तुम्हाला पडद्यावर दाखवली आणि फार तर दोन महिने म्हणाले. मी शेजारीच उभी होते. मम्मीला कळवू नको, ती घरी आली की मी सांगेन, असं तुम्ही बजावलंत. मी ऐकलं. ती माझीही चूक.

परवा नवा अर्ज जातोय. तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. आणि पुढच्या पत्रात ती एक ओळ लिहू नका. जे आहे ते लिहा. ते तुमचं पत्र वाचतातच ना, मग वाचू द्या.

रागावू नका. माया अशीच राहू द्या.

तुमची नात,
प्रीती


बोरगव्हाण
दि. ५ मार्च २०२५

चि. बेबीनंदा हिस आशीर्वाद.

येथे क्षेम नाही.

ही ओळ लिहिण्यास सकाळची दुपार झाली. तुझ्या आईच्या यकृतात गाठ आहे व ती बरी होणारी नाही. हे मला १८ जानेवारीपासून ठाऊक आहे. ६ जानेवारीची ओळ मी सवयीने लिहिली. ३ फेब्रुवारीची ओळ जाणूनबुजून खोटी लिहिली. खोटे माझे अक्षर आहे, तिचा आजार नव्हे. हे पत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी याचीही झेरॉक्स काढून त्याच फाइलीत लावावी, ही नम्र विनंती.

तुझी आई सांगते ते तिच्याच भाषेत लिहितो. दुरुस्त करू नका, अशी तिने मला ताकीद दिली आहे.

बेबे, तुह्या बापाला जल्मात पयल्यांदा खरं लिवायला लावलं मी. आता भाकर जात न्हाई. तुह्या हातचं पानी जाईल. जल्दी ये. अन् न्हाई सोडलं तं डोकं आपटत बसू नको. त्या बायांला शिकवून राह्यली ना, ते शिकव. मी काई पळून जात नव्हते, शिकले असते.

तुझा पिता,
साहेबराव


बोरगव्हाण
दि. २८ मार्च २०२५

चि. बेबीनंदा हिस.

तुझी आई सगुणाबाई २२ मार्च रोजी सकाळी नऊ वाजता वारली. प्रीतीने तत्काळ कारागृहात फोन केला होता. तुला ते केव्हा सांगितले, हे आम्हास कोणी कळविले नाही. अंत्यविधीसाठी तुला आणण्यास बंदोबस्त उपलब्ध नाही, असे उत्तर मिळाले.

दुसरा अर्ज आदल्याच दिवशी नामंजूर झाला होता. पहिला अर्ज फेटाळल्यावर वडिलांनी आपले म्हणणे बदलले, सबब ते रचलेले दिसते, असे कारण दिले आहे. माझे खोटे त्यांनी खरे धरले व खरे खोटे ठरविले. दोन्ही माझ्याच हातचे.

जलदान विधीस गाव आले होते. विधी आटोपल्यावर सोनूबाईने निवेदनाची पाने मागितली व आपल्या खोडलेल्या नावाखाली पुन्हा अंगठा उमटविला. तिच्यामागून एकोणीस जण उठले. मी पाने धरून बसलो होतो. आता ही पाने कशास जोडावी ते मला कळत नाही.

पाच आठवडे तुझे पत्र नाही. दोन ओळी तरी पाठवाव्या.

तुझा पिता,
साहेबराव


मध्यवर्ती कारागृह, महिला विभाग
दि. १२ एप्रिल २०२५

ती. आबा यांस बेबीनंदाचा जयभीम. वि. वि.

येथे सर्व क्षेम आहे. आपले क्षेम कळवावे.

आपले पत्र मिळाले. माझी प्रकृती उत्तम आहे. माझी बराक बदलण्यात आली असून नवीन ठिकाणी शांतता आहे. वर्ग सध्या बंद आहे. जेवणाविषयी तक्रार नाही. मुलाखतीस कोणी येऊ नये. काळजी नसावी.

आपली आज्ञाधारक कन्या,
बेबीनंदा


बोरगव्हाण
दि. २१ एप्रिल २०२५

चि. बेबीनंदा हिस पित्याचे आशीर्वाद.

....................................................

तुझे पत्र आज दुपारी मिळाले. पहिली ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

चार वर्षांत तू ती ओळ एकदाही लिहिली नाहीस. मी ती लिहितो म्हणून माझी थट्टा केलीस. ती ओळ माणूस केव्हा लिहितो, हे मला कोणी सांगावयास नको. पत्रात आईचे नाव नाही. बापास तू 'आपले' म्हटलेस. अक्षर तुझे आहे, परंतु प्रत्येक ओळ शेवटाकडे खाली उतरली आहे. तुझ्या ओळी कधी उतरत नसत.

प्रीतीस फोनवर पत्र वाचून दाखविले. ती म्हणाली की, आजोबा, तुम्ही फक्त जालन्यापर्यंत या, पुढचं मी बघते. तुझी डॉक्टरांकडून तपासणी व्हावी म्हणून वकीलसाहेब उद्याच न्यायालयात अर्ज देत आहेत. त्यास गावाची पाने जोडावयाची आहेत. ती मी पिशवीत घेतली. अप्पाराव पाटील येऊन बसले आहेत. एकट्या म्हाताऱ्याला मी सोडून राह्यलो न्हाई, असे म्हणतात. सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही निघू.

मुलाखतीस कोणी येऊ नये असे तू लिहिलेस, म्हणूनच निघत आहे. जाळीविषयी मी जे बोललो होतो, ते मागे घेतो. जाळी असो. काच असो. दुरून दाखविले तरी चालेल, परंतु दाखविल्यावाचून मी दरवाजापासून हलणार नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. टपालाने ते तुझ्या हाती पडण्यास बारा दिवस लागतात. मी परवा पोहोचेन. ते माझ्या सदऱ्याच्या खिशात असेल. आशीर्वादाखालची क्षेमाची जागा मी कोरी ठेवली आहे. तुला डोळ्यांनी पाहीन, मग भरीन. पेन बरोबर घेतले आहे.

तुझा पिता,
साहेबराव येसू म्हस्के