मेन स्विच आणि निकेलचे चार अणू

रवि. ६ जाने. २००२
सुनेचा कॉम्प्युटर आज सहावा दिवस चालू. बंद करायचा नाही. वर्षा पीएच.डी.साठी निकेलचे चार अणू घेऊन बसली आहे. त्यांच्यातले इलेक्ट्रॉन कुठे, किती घट्ट, ते मशीन मोजतं. दिसत काही नाही, नुसते आकडे सरकतात. मागून गरम हवा येते. आग लागली तर? मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही तिकडे जाऊच नका."

मंगळ. ८
फार वाईट झालं. दु. तुळिंजच्या बाजारात गेलो, निघताना मेन पाडला. वनस्पती तुपाच्या कारखान्यात हायड्रोजनच्या शेडमध्ये तीस वर्षं काढली. शेवटी निघेल त्याने मेन पाडायचा. हात आपोआप गेला. परत येऊन चालू केला तेव्हा कळलं. कॉम्प्युटरला जोडलेला बॅटरीचा डबा ओरडून ओरडून गप्प झाला असणार.
संध्या. वर्षा : "लाईट गेली होती का बाबा?"
"गेली असेल."
आठ दिवसांचं काम पुसलं. ३१ला सरांना आकडे द्यायचेत.

बुध. ९
जेवण गेलं नाही. कामावर जाताना तिने माझ्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या, रोजच्यासारख्या.

गुरु. १०
वर्षाला सांगून टाकलं, चहा घेताना. तिने बोटांवर ३१पर्यंतचे दिवस मोजले. मग, "पण मेन का?"
शेडचं सांगितलं. तेलात निकेलची पावडर, वरून हायड्रोजन, की तेलाचं तूप. पावडर खर्च होत नाही, पण मरते. मोहरीच्या जातीचं तेल आलं की हमखास. त्यातलं गंधक निकेलवर बसतं.
"अहो बाबा, तोच तर माझा विषय! गंधक बसणार नाही असा कॅटलिस्ट शोधायचा."
"आम्ही बसू द्यायचो. आधी जुनी, अर्धी मेलेली पावडर घालायची. ती गंधक गिळते. गाळून टाकायची, मग नवी."
तिने कप खाली ठेवला. "जुनीवर आधीच गंधक असतं. तरी आणखी धरते?"
"धरायची. का, ते सातवी पास माणसाला काय ठाऊक?"

शनि. १२
काम नव्याने लावलं. निकेलवर एक गंधक बसवलेलं, दुसरं जवळ आणलेलं. सर फोनवर म्हणाले, ऐन वेळी विषय वाकवताय, जबाबदारी तुमची. माझ्या बोलण्यावर लावलं तिने. आम्हाला मुकादमाने शिकवलं, तोच चुकत असला तर...
मेनवर कागद चिकटवला आहे : 'बाबा, नाही.' मुलगा म्हणतो, "कृपया तरी लिही गं."

गुरु. १७
चांदीपला भाचीकडे पूजा. गेलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं.

मंगळ. २२
आज आकडा येईल म्हणाली. उणे आला तर दुसरं गंधक धरलं. अधिक आला तर जुनी पावडर कुचकामी, आणि ३१ला हात रिकामे.
दोघं सकाळीच गेली. चपला घालताना वर्षा : "बाबा, मशीन तुमच्यावर."
मेनखाली खुर्ची टाकली आहे. आत्ता साडेअकराला आकडे सरकायचे थांबले. खाली एक ओळ आली आहे. लांबचा चष्मा दुसऱ्या खोलीत. उठत नाही अजून.