दादा, गाडी अजून बंद पडलेली नाही

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा, गुडघे वाकतील तेवढा वाकून नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, वहिनीची मान आता दोन्हीकडे वळत असेल आणि तुम्हा दोघांना झोप शांत लागत असेल, अशी आशा करते. (यातली शेवटची आशा मनापासून नाही. तुला झोप लागू नये म्हणूनच पत्र लिहायला घेतलं आहे.) इकडे सगळे ठीक. अप्पांचा रक्तदाब, साखर, दात, सगळं जागच्या जागी. माझी मुलगी अभ्यास करते, असं ती सांगते. नवरा बरा आहे, त्याची गाडी आजारी आहे. आणि अप्पांची गाडी, ती पांढरी जपानी, एकोणीस वर्षांची, आज सकाळी सव्वासहा वाजता पहिल्याच किल्लीला सुरू झाली.

हे वाचून तुला आनंद झाला असेल तर तो ताबडतोब आवर. एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन करायचास, असंही म्हणू नकोस. फोनवर तू "अगं, ऐक ना" म्हणतोस आणि मग मीच ऐकत बसते. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

तू तिकडे बदली घेऊन निघालास ती दुपार आठव. आठ वर्षं झाली. आई जाऊन वर्ष झालं होतं, अप्पांना त्र्याहत्तर पूर्ण झाली होती, आणि मी तुला बॅगा भरताना गाठून म्हटलं होतं, की जाण्याआधी अप्पांच्या गाडी चालवण्याचं काहीतरी बोल, तुझं ऐकतात. तू बोललास. काय बोललास, तर "अप्पा, गाडी चालतेय तोवर चालवा. ती थांबली की तुम्हीही थांबा. कबूल?" आणि जिन्यात मला डोळा मारून म्हणालास, "अकरा वर्षांची झालीय, फार तर आणखी दोन वर्षं ओढेल." दादा, ज्या माणसाने तांत्रिक शाळेत चौतीस वर्षं लेथ शिकवलं, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाच्या चुकीसाठी पोरांना उभं केलं, त्याच्यासमोर असली मोघम वाक्यं बोलायची नसतात. ते 'कबूल' म्हणालेच नाहीत. सर्व्हिसचं जुनं कार्ड आणलं, पाठीवर तुझं वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि खाली तुझी सही घेतली. तुला ते मजेदार वाटलं होतं. ते कार्ड गाडीच्या पुढच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. मी जेव्हा जेव्हा विषय काढते तेव्हा ते कप्पा उघडतात, पिशवी सोडतात, कार्ड माझ्यासमोर धरतात आणि विचारतात, "ही सही तुझी आहे का?" मी म्हणते, नाही. "मग?" म्हणतात, आणि पिशवी पुन्हा बांधतात.

आता त्या जपान्यांविषयी. माणसाने एखादी वस्तू बनवावी, ती चांगली बनवावी, इथपर्यंत मी समजू शकते. पण तिला काही मर्यादा हवी की नको? वस्तूने आपल्या वयाप्रमाणे वागावं. माझा फ्रिज सहा वर्षांत गेला, वॉशिंग मशीन चारदा दुरुस्त केलं, मी स्वतः चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि सकाळी उठताना तीन ठिकाणी आवाज येतात. या जपानी बाईचा एकही आवाज बदललेला नाही. समोरच्या दंतवैद्याने दोन वर्षांपूर्वी नवी गाडी घेतली. तिला एवढा मोठा पडदा आहे, ती त्याच्याशी बोलते, दार नीट लागलं नाही तर रागावते. गेल्या महिन्यात ती फाटकातच बसली ती उठेना. अप्पांनी आमची जपानीण तिच्या नाकाला नाक लावून उभी केली, वायरी जोडल्या आणि तिला उठवून बसवलं. दंतवैद्य अप्पांच्या पाया पडायचाच बाकी होता. अप्पा त्याला म्हणाले, "डॉक्टर, बोलणारी गाडी नको. चालणारी बघा." त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

माझ्या बाजूने नवरा तरी उभा राहील म्हणशील, तर त्याच्या गाडीचा गिअर या वर्षात तिसऱ्यांदा गेला आहे आणि त्याला ऑफिसला कोण सोडतं हे तू ओळखलंच असशील. सासऱ्याच्या शेजारी बसून रोज जाणारा जावई सासऱ्याविरुद्ध काय बोलणार? मी विचारलं, कसे चालवतात रे? तर हा म्हणाला, "मी डोळे मिटून घेतो, मला सकाळी झोप येते." (त्या पुढच्या सीटवर कुणालाही झोप येणं शक्य नाही. आईच्या मापाला ती जशी पुढे सरकवलेली होती तशीच आहे, अप्पा कुणाला मागे सरकवू देत नाहीत. गुडघे हनुवटीला लागतात.)

दादा, मी चेष्टा करते आहे, पण मला खरोखर संताप आला आहे आणि त्याचं कारण आता सांगते. गेल्या महिन्यात मी मागे बसले होते. शाळेच्या कोपऱ्यावर डावीकडे वळताना सायकलवरची एक बाई होती. दूधवाली असावी, हँडलला दोन कॅन. अप्पा वळतच गेले. मी ओरडले, त्यांनी ब्रेक दाबला, आणि ती बाई एक पाय टेकून, एक तळवा आमच्या बॉनेटवर ठेवून उभी राहिली. पडली नाही. नुसती काचेतून आत बघत राहिली. अप्पा म्हणाले, "तिने बघायला नको?" तुला ठाऊक आहे मी दिवसभर काय काम करते. माझ्या एक्स-रेच्या टेबलावर रोज मोडलेली माणसं येतात. कुणाचं खुब्याचं हाड, कुणाची मांडी. मी त्यांना 'हलू नका, श्वास रोखा' सांगते. त्या आठवड्यात प्रत्येक बाई टेबलावर झोपली की मला वाटायचं, हिच्या तळव्याला पांढरा रंग लागलेला आहे का बघावा.

तेव्हा मी ठरवलं, की गाडी थांबल्याशिवाय अप्पा थांबणार नाहीत, तर मग गाडी थांबवायची. इतकी साधी गोष्ट. एकोणीस वर्षांची गाडी बंद पाडायला कितीसे कष्ट पडणार?

आधी फोनवर व्हिडिओ बघून फ्यूज काढला. इंजिनाचा म्हणून जो काढला तो हॉर्नचा निघाला. म्हणजे लोकांच्या जिवासाठी तळमळणाऱ्या तुझ्या बहिणीने अप्पांना दोन दिवस हॉर्नशिवाय गावभर फिरवलं. मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही अप्पा कौतुकाने म्हणाले म्हणून, की हल्ली लोक शहाणे झालेत, हॉर्न वाजवला तरी कुणी दचकत नाही. तशीच जाऊन फ्यूज परत बसवला.

मग बॅटरीची वायर. पहाटे साडेपाचला अनवाणी खाली गेले, पक्कड घेऊन ती सैल केली, वर येऊन पांघरूण घेऊन पडले. सव्वासहाला किल्ली फिरली, नुसती टक वाजली. दादा, आयुष्यात एवढा गोड आवाज मी ऐकला नव्हता. मग बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मग शीळ. (अप्पा आईच्या नंतर शीळ घालत नाहीत, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी घातली.) चार मिनिटांत गाडी सुरू. सकाळच्या चहाला माझ्याकडे न बघता म्हणाले, "बॅटरीच्या नटाला पक्कड लावू नये. कडा झिजतात. दहाचा पाना असतो." संध्याकाळी कामावरून आले तर माझ्या टेबलावर दहाचा पाना ठेवलेला, पुसून, तेल लावून.

एवढं झाल्यावर लाज सोडून कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले. म्हटलं, काहीतरी करा, महिनाभर ठेवून घ्या, म्हणा की इंजिन गेलं. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "ताई, बिघडवून ठेवणारे पुढच्या गल्लीत आहेत. मला फक्त दुरुस्त करता येतं. आणि खरं सांगू का, या गाडीत मला ते पण करायला मिळत नाही." शेवटी कंपनीच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. चकचकीत फरशी, काचेची खोली, कॉफीचं यंत्र. मी आधी जाऊन तिथल्या तरुण इंजिनीअरला एकटं गाठून समजावलं, की एवढ्या जुन्या गाडीत काही ना काही धोक्याचं सापडतंच, तुम्ही ते जरा ठासून सांगा. तो बिचारा दीड तास गाडीखाली होता. बाहेर आला तो डोळ्यांत पाणी यायचं बाकी. त्याने आणखी दोघांना बोलावलं. त्यांनी मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने अप्पांशी हात मिळवला, गाडीसोबत त्यांचा फोटो काढला आणि एक प्रमाणपत्र दिलं, 'आदर्श ग्राहक'. ते बैठकीच्या खोलीत लागलं आहे. माझ्या पदवीच्या चौकटीवर. म्हणजे पदवी काढून त्याच चौकटीत.

तर आता मी हात टेकले आहेत. तू तिकडे बसून आठ वर्षं जावयापेक्षाही आरामात आहेस, आणि तुझ्या एका लाडिक वाक्यापायी मी रोज सव्वासहाला उठून देवाला विनवते, की आज एवढं कोपऱ्यावर कुणी नसू दे. हे काही जगणं नव्हे. घरातल्या थोरामोठ्यांना जे जे सांगायचं ते तू सांग, मला आता कुणाला काही सांगायचं त्राण नाही.

तुझी,
धाकटी (चव्वेचाळीस वर्षांची)

ता. क. १ : मुद्दा राहिला. तू अप्पांना एवढंच लिही, की तुला गाडी हवी आहे. वहिनीला दवाखान्यात न्यायला लागते म्हण. स्वतःच्या जिवासाठी ते किल्ली सोडणार नाहीत, पण तू मागितलीस तर एक शब्द न बोलता देतील. पुसून, तेल लावून. ती गाडी मग तुझ्या दारात पुढची एकोणीस वर्षं चालो, तुझं नशीब.

ता. क. २ : दोन दिवसांनंतर. वरचं ते लिहू नकोस. गाडी मागू नकोस. पाकीट चिकटवायला डिंक नव्हता म्हणून मी ते खाली टेबलावर ठेवलं आणि अप्पांनी वाचलं. मी घरी आले तर ते खुर्चीत, चष्मा हातात. आधी म्हणाले, "एकोणीस नाही, अठरा वर्षं दहा महिने." मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "ती दूधवाली. ती मला दिसलीच नव्हती. तू ओरडलीस म्हणून पाय गेला ब्रेकवर." मी टेबलावरचं पाकीट उचललं. म्हणाले, "त्याला फोनवर नको सांगूस. येऊ दे. मीच सांगतो त्याला." आणि मग, पायरीवरून वर जाणाऱ्या मला हाक मारून, "बसस्टँडवर आणायला मी जाईन. रिक्षाबिक्षा नको म्हणावं."

तेव्हा ये, दादा. पुढे तू बस, मी मागे बसेन. वाटेत ते बोलले तर ऐक, नाही बोलले तर आपण होऊन विषय काढू नकोस, घरापर्यंत येऊ दे त्यांना.

ता. क. ३ : रविवारची, पहाटे सहाला पोहोचणारी बस धर. तेव्हा शाळेच्या कोपऱ्यावर कुणी नसतं. आणि पट्टा लाव.